सुप्याच्या माळावरचे लाजाळू पाहुणे: फोटो जरूर काढा, पण लोकेशन का टाकू नये?

पुण्याहून नगरला जाताना शिरूर सोडलं, घोड नदी ओलांडली की काही वेळानं सुपा येतं. रस्त्याच्या कडेला एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या पाट्या, ट्रकच्या रांगा, लांब डोंगरावर फिरणाऱ्या पवनचक्क्या. बहुतेक प्रवाशांसाठी सुपा म्हणजे एवढंच. चहा घ्यायचा आणि पुढे निघायचं.

पण ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान कधी तरी हायवे सोडून थोडं आत जा. पिवळ्या गवताच्या माळाच्या कडेला सकाळी दहा मिनिटं गप्प उभे राहा. नशीब चांगलं असेल तर गवताच्या शेंड्यांना जवळजवळ घासत, पंख वर धरून तरंगत जाणारा एक शिकारी पक्षी दिसेल. याला मराठीत भोवत्या म्हणतात, इंग्रजीत हॅरिअर. तो इथला नाही. कझाकस्तान आणि आसपासच्या गवताळ प्रदेशातून हजारो किलोमीटर उडून तो हिवाळा काढायला दख्खनच्या माळावर येतो.

तुमचा हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडे जातो. फोटो नीट येत नाही म्हणून तुम्ही चार पावलं पुढे जाता. पक्षी लांब सरकतो. तुम्ही आणखी पुढे जाता. शेवटी धूसर का होईना, एक फोटो मिळतो. इन्स्टावर स्टोरी पडते आणि सोबत लोकेशनही.

यात चुकलं काय? फोटो काढणं तर गुन्हा नाही. बरोबर, नाही. पण या छोट्याशा गोष्टीत दोन ठिकाणी गडबड झाली आहे. ती कुठे झाली, तिनं पक्ष्याचं काय बिघडतं आणि मग चांगला फोटो मिळवायचा कसा, हेच या लेखात समजून घेऊ.

आधी एक घोळ मिटवू: सुपा की सुपे?

गुगलवर 'सुपा पक्षी' किंवा 'सुपा अभयारण्य' शोधलंत तर मयूरेश्वर अभयारण्य समोर येतं. ते चिंकारांसाठी प्रसिद्ध आहे, पण ते पुणे जिल्ह्यात, बारामती तालुक्यातल्या सुपे गावाजवळ. आपण बोलतोय ते सुपा अहिल्यानगर जिल्ह्यातलं, पारनेर तालुक्यातलं. विभक्ती लागली की दोन्ही गावं 'सुप्याला' होतात, म्हणून हा घोळ.

पक्ष्यांना मात्र तालुक्यांच्या हद्दी माहीत नसतात. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, बारामती, इंदापूर, पुढे सोलापूरपर्यंत हा सगळा कमी पावसाचा, मुरमाड जमिनीचा, गवत आणि काटेरी झुडपांचा पट्टा आहे. शाळेत आपण याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून शिकलो. आपल्या डोळ्यांना तो ओसाड वाटतो. हिवाळी पाहुण्यांसाठी मात्र तो भरलेला डबा असतो: गवतात नाकतोडे, उंदीर, सरडे आणि शेजारच्या रानात ज्वारी.

एका तणमोराची १,००० किलोमीटरची गोष्ट

या पट्ट्याचं महत्त्व समजायला एका पक्ष्याची गोष्ट पुरे आहे. त्याचं नाव तणमोर.

तणमोर हा माळढोकाच्या कुळातला सगळ्यात लहान पक्षी. आकार साधारण कोंबडीएवढा, पाय लांब, मान उंच. तो फक्त भारतीय उपखंडात सापडतो. २०१७-१८ च्या पाहणीनंतर तज्ज्ञांनी त्यांची संख्या सातशेच्या आसपास असल्याचा अंदाज मांडला होता. आंतरराष्ट्रीय यादीत आज तो 'अतिसंकटग्रस्त' गटात आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावर.

पावसाळ्यात नर तणमोर ओळखू येतो. काळा-पांढरा झगमगीत पोशाख, डोक्यामागे तुऱ्यासारखी पिसं आणि मादीला खूश करण्यासाठी गवतातून सरळ वर मारलेल्या उड्या. एकेक उडी माणसाच्या उंचीएवढी, दिवसाला कित्येक शे वेळा. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि आपल्याकडे विदर्भातल्या काही माळांवर हा खेळ चालतो.

पाऊस सरला की तणमोर गायब. जातात कुठे? बरीच वर्षं याचं नेमकं उत्तर नव्हतं. मग भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काही तणमोरांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे छोटे ट्रान्समीटर बसवले. राजस्थानच्या अजमेर भागातला असाच एक तणमोर सुमारे १,००० किलोमीटरचा पल्ला गाठून कुठे आला? आपल्या नगर जिल्ह्यात. आणि पुढच्या पावसाळ्याआधी परत राजस्थानात गेला. २०२० मध्ये या प्रवासाच्या बातम्या आल्या, तेव्हा देशांतर्गत स्थलांतराचा एवढा लांबचा पुरावा या पक्ष्याबाबत पहिल्यांदाच मिळाला होता.

आता गंमत बघा. नगर जिल्ह्यात येतो तेव्हा नर तणमोरानं आपला काळा पोशाख उतरवलेला असतो. तो मादीसारखाच मातकट, ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. उड्या मारत नाही, आवाज करत नाही. वाळक्या गवतात दहा-पंधरा पावलांवर बसला असला तरी दिसत नाही. म्हणजे जगातल्या सातशेपैकी एखादा तुमच्या शेताच्या बांधावर असू शकतो आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. तो लपून बसतो म्हणूनच आजवर टिकला आहे.

हिवाळ्यात इथे आणखी कोण कोण येतं?

तणमोर दिसणं म्हणजे लॉटरी. पण बाकीचे पाहुणे तुलनेनं सहज भेटतात.

भोवत्या: माँटेग्यूचा, फिकट आणि दलदली असे तीन प्रकार आपल्याकडे जास्त दिसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. माँटेग्यूचा आणि फिकट भोवत्या दिवसभर माळावर एकेकटे शिकार करतात आणि संध्याकाळी उंच गवतात जमिनीवरच एकत्र झोपतात. गुजरातमधलं वेळावदर अशा सामूहिक मुक्कामासाठी जगभर ओळखलं जातं. लहान मुक्काम दख्खनच्या माळांवरही असतात.

भोरड्या: गुलाबी-काळ्या मैना. ज्वारीच्या रानावर यांचे ढगासारखे थवे उतरतात. शेतकऱ्याला त्या वैताग वाटतात, पण टोळ आणि नाकतोडे फस्त करण्यातही त्या पटाईत.

भारीट: चिमणीएवढे, पिवळ्या पोटाचे. काही काळ्या डोक्याचे, काही लालसर. पश्चिम आणि मध्य आशियातून येतात. बांधावरच्या बाभळीवर शंभर-दोनशे भारीट एकदम बसले की झाड फुलल्यासारखं दिसतं.

नीलपंखाचा युरोपीय भाऊ: हा इथे राहत नाही, फक्त जाता जाता थांबतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आफ्रिकेकडे जाताना तो काही दिवस आपल्या माळांवर, विजेच्या तारांवर दिसतो.

पाणी असेल तिथे चित्र आणखी बदलतं. नगर आणि छत्रपती संभाजीनगरच्या हद्दीवरचं जायकवाडी, पुणे-सोलापूरच्या हद्दीवर उजनीचं पाणी आणि भिगवण, इथे पट्टकदंब हंस, चक्रवाक, बदकं आणि रोहित येतात.

हे पक्षी एवढे लाजाळू का?

'लाजाळू' हा आपला शब्द. पक्ष्याच्या बाजूनं बघितलं तर तो फक्त हिशेबी असतो.

जंगलात धोका आला तर फांदीआड जाता येतं. माळावर आडोसा नाही. त्यामुळे इथल्या पक्ष्यांकडे दोनच उपाय आहेत: लांबूनच निघून जाणं किंवा जमिनीला चिकटून गप्प बसणं. भोवत्या पहिला उपाय वापरतो. तणमोर, धाविक, पखुर्डी आधी दुसरा वापरतात आणि अगदी पायाशी आलात तरच उडतात.

प्रत्येक पक्ष्याचं एक अंतर ठरलेलं असतं. त्याच्या आत कुणी आलं की तो उडतो. हे अंतर जाती-जातीप्रमाणे बदलतं आणि जागेप्रमाणेही. गावाजवळचा बगळा माणसाला पाच मीटरपर्यंत येऊ देईल, माळावरचा भोवत्या शंभर मीटरवरूनच वळेल.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. पक्षी उडाला नाही म्हणजे तो निवांत आहे, असं नसतं. घरट्यावर किंवा गवतात दबून बसलेल्या पक्ष्याच्या हृदयाचे ठोके माणूस जवळ येताच वाढतात, हे वेगवेगळ्या जातींवर मोजून पाहिलेलं आहे. बाहेरून तो दगडासारखा शांत दिसतो. आपल्याला वाटतं, 'किती छान पोझ देतोय!' प्रत्यक्षात तो जीव मुठीत धरून बसलेला असतो.

एकदा उडाला तर काय बिघडतं?

एकदाच उडाला तर फारसं काही नाही. कोल्हा, कुत्रा, मेंढपाळ यांच्यामुळेही तो उडतोच.

पण स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याचं बजेट फार घट्ट असतं. प्रवासाआधी त्याला चरबी साठवावी लागते, तेच त्याचं पेट्रोल. काही लहान पक्षी तर निघण्याआधी आपलं वजन जवळपास दुप्पट करतात. हिवाळ्यातला दिवस लहान आणि खाण्याचा खरा वेळ सकाळी नि संध्याकाळी. नेमका तोच वेळ फोटोग्राफरचाही. प्रकाश तेव्हाच छान असतो ना!

आता हिशेब करू. रविवारी सकाळी तुम्ही एकटे गेलात आणि पक्षी एकदा उडाला. तुम्ही लोकेशन टाकलंत. पुढच्या रविवारी दहा गाड्या आल्या. प्रत्येकानं 'फक्त एक फोटो' म्हणून पक्ष्याला दोनदा उडवलं. म्हणजे एका सकाळी वीस उड्डाणं. प्रत्येक उड्डाणात साठवलेलं खर्च झालं आणि तेवढा वेळ खाणं बंद. महिनाभर हे चाललं की पक्ष्यापुढे दोनच पर्याय उरतात: उपाशीपोटी परतीच्या प्रवासाला निघणं किंवा तो माळ सोडून देणं.

तुमचा एक फोटो ही अडचण नाही. तुमच्या मागून त्याच जागी येणारे वीस जण, ही अडचण आहे.

भोवत्यांच्या रात्रीच्या मुक्कामाला हे सगळ्यात जास्त लागू होतं. ते जमिनीवर झोपतात. तिन्हीसांजेला कुणी त्या गवतात शिरलं किंवा गाडीचे दिवे तिकडे रोखले, तर अख्खा मुक्काम उठतो आणि अंधारात नवी जागा शोधत फिरतो.

कोकणातल्या जंगलात याचंच दुसरं रूप दिसतं. पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग आणि मातीच्या भिंतीत बीळ करणारा तिबोटी खंड्या हे दोघंही तिथे पिल्लं वाढवायला येतात. फोटो अप्रतिम येतात म्हणून घरट्यासमोर कॅमेऱ्यांची रांग लागते. समोर माणसं असेपर्यंत आई-बाप चोचीत खाऊ धरून लांब फांदीवर ताटकळतात आणि आत पिल्लं उपाशी राहतात. म्हणूनच अनेक नामांकित निसर्ग छायाचित्र स्पर्धांनी आणि मासिकांनी घरट्यांचे फोटो घेणं बंद केलं आहे.

मग फोटो काढायचा कसा?

आता कामाचं बोलू. लाजाळू पक्ष्याचा चांगला फोटो त्याच्या मागे धावून मिळत नाही. त्याला आपल्याकडे येऊ द्यावं लागतं.

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधले रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे भाऊ १८९० च्या दशकात पक्ष्यांचे फोटो काढत. तेव्हा लांब पल्ल्याच्या लेन्स नव्हत्या. मग त्यांनी चक्क पोकळ बैल तयार केला. बैलाच्या कातड्याच्या आत कॅमेरा घेऊन माणूस उभा राहायचा, बाहेर पक्षी बिनधास्त. बैलाची भीती कुणाला वाटणार?

आपल्या माळावर हे रोज दिसतं. मेंढरांचा कळप जातो तेव्हा बगळे, धोबी, भोरड्या त्यांच्या पायाजवळ किडे टिपत असतात. मेंढपाळालाही पक्षी फार घाबरत नाहीत, कारण तो रोज दिसतो, संथ चालतो आणि मुख्य म्हणजे त्यांच्याकडे बघत सरळ चालून येत नाही. आपण नेमकं उलट करतो.

म्हणून या गोष्टी लक्षात ठेवा.

गाडी हेच लपण: पक्षी माणसाच्या आकाराला घाबरतो, उभ्या गाडीला तेवढा नाही. कच्च्या रस्त्याच्या कडेला गाडी थांबवा, इंजिन बंद करा, काच खाली घ्या आणि थांबा. काचेवर धान्य भरलेली छोटी कापडी पिशवी ठेवली की लेन्स हलत नाही. घरातली दोन किलो ज्वारी यासाठी उत्तम. मात्र गाडी रस्ता सोडून गवतात घालायची नाही. तिथे धाविक किंवा टिटवीची अंडी थेट जमिनीवर असू शकतात, ती चाकाखाली कधी गेली ते कळतही नाही.

सूर्य पाठीशी, वारा लक्षात: सकाळी पूर्वेच्या बाजूला उभे राहा, म्हणजे प्रकाश पक्ष्याच्या अंगावर पडतो. बहुतेक पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतात आणि उतरतात. वारा तुमच्या पाठीवर असेल तर पक्षी समोरून येताना मिळेल.

दहाच्या आत आटपा: माळ तापला की जमिनीवरून उष्णतेच्या लहरी उठतात. डोळ्याला मृगजळ दिसतं तेच लेन्सलाही दिसतं. मग कितीही महाग कॅमेरा असो, फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. लोकांना वाटतं, 'जवळ जायला हवं होतं.' खरं तर लवकर जायला हवं होतं.

सेटिंग: उडत्या भोवत्यासाठी शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद. बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० पुरतं. कॅमेऱ्यात आवाज न करणारं शटर असेल तर तेच वापरा. लेन्स ४०० मिलिमीटर किंवा त्याच्या पुढची असेल तर बरं. फ्लॅश नको.

थांबण्याची खूण ओळखा: पक्षी खाणं थांबवून मान ताणतो, डोकं वर-खाली करतो, शेपटी झटकतो, वारंवार आवाज देतो किंवा एकदम आकसून बसतो. यातलं काहीही दिसलं की तुम्ही त्याच्या हद्दीत शिरलात. तिथेच थांबा आणि तिरके मागे या. तो परत खायला लागला की समजा, जमलं.

आवाज वाजवू नका: मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणं सोपं आहे. पण पक्ष्याला वाटतं की हद्दीत दुसरा आला. तो खाणं-पिणं सोडून न दिसणाऱ्या शत्रूला शोधत राहतो. ॲपमधला आवाज ओळख पटवायला वापरा, हेडफोन लावून. आमिष म्हणून किडे-अळ्या टाकणंही टाळा.

'उडवा' म्हणू नका: भिगवणला होडीतून रोहित बघताना हा मोह हमखास होतो. थवा उडतानाचा गुलाबी फोटो सगळ्यांनाच हवा असतो. अशा वेळी नावाड्याला आधीच सांगा, 'दादा, पक्षी उडवायचे नाहीत, लांबच थांबवा.' पाहुणे मागतात म्हणून ते होडी जवळ नेतात. मागणं बंद झालं की तेही थांबतील.

फक्त मोबाइल असेल तर?

मोबाइलनं लाजाळू पक्ष्याचा क्लोजअप येत नाही, हे मान्य करून टाका. तो हट्टच आपल्याला पक्ष्याच्या अंगावर नेतो.

त्याऐवजी मोबाइल जे उत्तम करतो ते करा. पिवळा माळ, कोवळं ऊन, मागे पवनचक्क्या आणि मधे छोटासा भोवत्या. असा फोटो शंभर क्लोजअपपेक्षा वेगळा दिसतो आणि तो पक्षी कुठल्या जगात राहतो हेही सांगतो. भोरड्यांच्या थव्याचा व्हिडिओ तर मोबाइलवरच छान येतो. जवळचं दृश्य हवं असेल तर दुर्बिणीच्या एका भिंगाला मोबाइलचा कॅमेरा टेकवून बघा. थोडा सराव लागतो, पण जमतं.

कायदा काय म्हणतो?

रस्त्यावरून पक्ष्याचा फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही. पण तीन गोष्टी माहीत हव्यात.

एक, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या बंदुकीपुरती नाही. वन्य प्राण्याला हाकलणं, त्याला आमिष दाखवणं, पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेही त्या व्याख्येत येतं. म्हणजे 'आम्ही तर फक्त फोटो काढत होतो' हा बचाव प्रत्येक वेळी चालेलच असं नाही.

दोन, तणमोर आणि माळढोक या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

तीन, अभयारण्यात शिरायला परवानगी लागते आणि छायाचित्रण हा त्या परवान्याचा भाग असतो. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य असो की सुप्याचं मयूरेश्वर, तिथले नियम पाळा. ड्रोन तर परवानगीशिवाय उडवूच नका. पक्ष्यांना तो डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या शिकाऱ्यासारखा वाटतो.

माळरानं मोकळी सोडली की फोटोवाल्यांच्या गाड्या कुठेही शिरतात, हा अनुभव शेजारच्या जिल्ह्यानंही घेतला. पुणे वनविभागानं २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातलं शिरसुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ठरलेले मार्ग, आधी नोंदणी आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक. लांडगे आणि भोवत्या तर दिसतातच, शिवाय गावातल्या मुलांना रोजगारही मिळतो.

लोकेशनचं काय करायचं?

तुम्ही पोस्टमध्ये जागा लिहिली नाही तरी ती फोटोतून बाहेर पडू शकते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर प्रत्येक फोटोच्या आत अक्षांश-रेखांश साठवले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती सहसा निघून जाते. 'क्वालिटी जाऊ नये' म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवला की ती तशीच पुढे जाते.

म्हणून माळावर जाण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. पोस्ट करताना गाव, तलाव, मंदिर, पवनचक्कीचा नंबर असं काही लिहू नका. 'अहिल्यानगर जिल्हा, हिवाळा' एवढं पुरेसं आहे. दुर्मीळ पक्षी असेल तर पोस्ट तो निघून गेल्यावर टाका, एखाद-दुसरा महिना थांबून.

पण मग शास्त्रज्ञांना माहिती कशी मिळणार? त्यासाठी ईबर्डसारखे प्रकल्प आहेत. तिथे नोंद करा. संवेदनशील म्हणून ठरवलेल्या जातींची नेमकी जागा तिथे सगळ्यांना दाखवली जात नाही, पण नोंद अभ्यासाला उपयोगी पडते. तणमोरासारखा पक्षी किंवा जखमी पक्षी दिसला तर वनविभागाला कळवा. हेल्पलाइन नंबर १९२६.

फोटो न काढणं, एवढंच उत्तर आहे का?

अजिबात नाही. उलट या पक्ष्यांचे फोटो न येणं हीच मोठी जोखीम आहे.

माळढोकाचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९७९ मध्ये त्याच्यासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. इतकं मोठं की त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. पुढे ते घटवून १,२०० चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणं ही बातमी होते. अनेक कारणं होती, पण एक मोठं कारण असं की माळाला कुणी जंगल मानलंच नाही. सरकारी नोंदीत गवताळ जमीन बऱ्याचदा 'पडीक' असते. पडीक म्हटलं की तिथे कारखाना, सोलर, झाडं लावणं, काहीही करायला हरकत नाही असं वाटतं.

तुमचा फोटो हे चित्र बदलू शकतो. 'इथे काहीच नाही' म्हणणाऱ्याला दाखवायला तोच पुरावा आहे. फक्त तो पुरावा गोळा करताना पक्षीच हुसकला जाऊ नये, इतकंच.

माणसं बदलू शकतात, हेही आपल्याच राज्यात दिसलं आहे. अकोला-वाशीमच्या माळांवर फासे लावून पक्षी धरण्यात पिढ्या घालवलेल्या फासेपारधी समाजातली माणसं आज तणमोर राखण्याच्या कामात आहेत. पक्षी कुठे बसतो, कधी उठतो, याचं ज्ञान त्यांच्याइतकं कुणाकडे नाही. पूर्वी ते फाशासाठी वापरलं जायचं, आता राखणीसाठी.

सुप्यापासून राळेगणसिद्धी हाकेच्या अंतरावर आहे. नगर तालुक्यातलं हिवरे बाजारही फार लांब नाही. या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, आणि बोडक्या डोंगरांवर गवत परत आलं. कायद्याचा बडगा नव्हता, गावानं आपणहून ठरवलं होतं.

सोशल मीडियावरच्या आपल्या गावानं अशीच एक बंदी ठरवायला काय हरकत आहे? लोकेशनबंदी. फोटो टाका, पक्ष्याचं मराठी नाव लिहा, तो किती लांबून आला ते सांगा. आणि कमेंटमध्ये कुणी विचारलं, 'भावा, लोकेशन?' तर उत्तर तयार ठेवा: 'माळावर. लवकर उठ आणि शोध.'